अमृतधारा: घरी कशी करावी आणि तिच्या दाव्यांतलं किती खरं मानावं

कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल सारख्या वजनाने घेऊन कोरड्या बाटलीत एकत्र केलं की पाण्याचा थेंबही न घालता तिन्हींचं पाणी होतं. घरोघरी अमृतधारा म्हणतात ती हीच.

30 ग्रॅमसाठी प्रत्येकी 10 ग्रॅम पुरे. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉलचे लांब, सुईसारखे खडे आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे जाडसर स्फटिक. काष्ठौषधींच्या दुकानात दोन्ही मिळतात. घोटाळा होतो तो कापरात. आरतीच्या वड्यांत मेण किंवा इतर भर असू शकते, ती विरघळत नाही आणि तळाशी गाळ राहतो. औषधी दर्जाचा, ‘आय.पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषधसंहिता) लिहिलेला कापूर घ्या. डांबराच्या गोळ्या कापरासारख्या दिसल्या तरी त्या नॅफ्थालीनच्या असतात आणि विषारी असतात. त्या चुकूनही जाता कामा नयेत.

बाटली काचेची, शक्यतो तपकिरी आणि 50 मिलीची असावी. धुतली असेल तर पूर्ण वाळवा. पातळ प्लास्टिक आणि रबरी बूच या द्रवाने मऊ पडतं, म्हणून ड्रॉपरचा रबरी फुगा कायमचा बाटलीवर ठेवू नका. आधी मेंथॉल आणि थायमॉल घालून झाकण लावा आणि हलवा. कडा ओलसर होऊन द्रव सुटू लागतो. मग कापूर घाला. कापूर खलात नुसता कुटला तर चिकटतो आणि दबतो, भुगा होत नाही. दोन-तीन थेंब रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) टाकलं की लगेच मोडतो. सगळं विरघळायला काही मिनिटं ते अर्धा तास लागतो. थंडीत रेंगाळलं तर बाटली कोमट पाण्यात धरा. गॅसजवळ मुळीच नको, वाफ पेट घेते.

असं का होतं? मेंथॉल साधारण 42 अंशांना वितळतं, थायमॉल 50च्या आसपास आणि कापूर तर 175च्या वर. पण एकमेकांत मिसळले की त्यांचे रेणू स्फटिकात रचून बसू शकत नाहीत आणि मिश्रणाचा वितळबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. प्रमाण बिघडलं तर हिवाळ्यात तळाशी खडे दिसतात. जे कमी पडलं असेल ते थोडं वाढवून पाहा. तयार द्रव स्वच्छ असतो. बाटली ओली राहिली असेल तर तो गढूळ होतो, कारण तो पाण्यात मिसळत नाही.

या नावाचं औषध लाहोरच्या पंडित ठाकूर दत्त शर्मांनी 1901 मध्ये ‘अमृत की धारा’ म्हणून विकायला काढलं आणि 1903 मध्ये नाव ‘अमृतधारा’ केलं. अशा औषधांना ‘पेटंट औषधं’ म्हणण्याची रीत होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही, कारण पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागे. राखायचं ते नाव. फाळणीनंतर डेहराडूनला आलेली अमृतधारा फार्मसी कानपूरच्या ‘लक्ष्मणधारा’विरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1962च्या निकालात दोन्ही नावं गिऱ्हाइकाची गफलत होण्याइतकी सारखी ठरली, पण लक्ष्मणधारेचा जुना वापर मान्य करून तिला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कच्चा माल मात्र औषध निघालं त्या काळातही जगभरातून येत असे: मेंथॉल जपानचं, कापूर बराचसा जपानच्या ताब्यातल्या फॉर्मोसाचा (आजच्या तैवानचा). आणि पहिल्या महायुद्धाआधी थायमॉल जर्मनीत बनायचं, तेही हिंदुस्थानातून गेलेल्या ओव्यापासून.

त्या काळच्या औषधाची जाहिरात हातात आली तर रोगांच्या यादीवर पेन्सिलीने तीन खुणा करत जा. पहिली खूण जिथे लगेच काही जाणवतं अशा तक्रारींवर: डोकेदुखी, सर्दी, पोटातला वारा, किडा चावणं. इथे दाव्याला आधार आहे. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवेची वाट मात्र तेवढीच असते. कापूर उष्ण-गार झोंबून दुखणं झाकतो, ओव्याने वारा सरतो.

दुसरी खूण आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांवर. साथीच्या दिवसांत जुलाब झालेले बहुतेक लोक औषधाविनाही उठून बसत. तेच पुढे आभाराची पत्रं लिहीत, आणि अगदी प्रामाणिकपणे.

तिसरी खूण पटकी (कॉलरा), प्लेग, क्षय अशा नावांवर. पटकीत माणूस दगावतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्याने. तिथे थेंबांचा काय पाड! कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स हे ब्रिटिश डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाच्या शिरेत मिठाचं पाणी भरत होते, मृत्यू कमी झाले ते त्याने. कधी कधी दाव्यात खरा घटक असतो, पण मात्रा नसते. अंकुशकृमीवर (आतड्यातल्या एका जंतावर) थायमॉल तेव्हा खरंच देत, मात्र ग्रॅमच्या मापात. अमृतधारेच्या दोन थेंबांत ते जेमतेम 20 मिलिग्रॅम भरतं. मधुमेह, कॅन्सर, अपस्मार अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला 1954च्या कायद्याने बंदी आहे. आजच्या बाटल्यांवर मोघम भाषा दिसते, तिचं हेही एक कारण.

लावायची तर नुसती लावू नका. 3 मिली अमृतधारा 27 मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात मिसळा. कापराचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत राहतं. अमेरिकेत त्वचेवरच्या औषधांत कापराला 11 टक्क्यांची मर्यादा आहे आणि मूळ अमृतधारेत तो 33 टक्के असतो, एवढं सांगितलं की पुरे. आधी मनगटावर थेंब लावून पाहा. डोळे, जखम, ओठ टाळा. सर्दीसाठी रुमालावर एक थेंब. उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून तोंड त्यावर धरलं तर डोळे भाजल्यासारखे चुरचुरतात.

वारा धरला की मोठ्या माणसाने बत्ताशावर एक-दोन थेंब घ्यायचे, ही जुनी पद्धत. गरोदर बाई, फिट येणारी व्यक्ती आणि लहान मुलं यांना पोटात मुळीच नाही. तान्ह्याच्या नाकाशी मेंथॉल नेलं तर श्वास अडखळू शकतो. 5 मिलीच्या चमच्यात सुमारे दीड ग्रॅम कापूर असतो, आणि ग्रॅमभर कापरानेही लहान मुलाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. बाटली कुलपात ठेवा, तिच्यावर नाव आणि तारीख लिहा. पाण्यासारखी दिसते म्हणून कुणी तरी तोंडाला लावतं. मुलाने प्यायली तर उलटी करवू नका. झटके काही मिनिटांतच येऊ शकतात, तेव्हा बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.