पावसाळ्यातली धुरी: ताडपत्री उघडण्याआधी वायू प्लाझ्मातून फिरवा

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तुर्भ्याच्या गाळ्यांत आणि शहापूर-मुरबाडच्या गोदामांत पोत्यांना सोंडे लागतात, धुरी द्यावी लागते. उन्हाळ्यात दारं सताड उघडली की वारा वायू नेतो. पावसात दारं बंद, आणि शेजारच्या गाळ्यात माथाडी कामगार दिवसभर राबत असतात. अशा ठिकाणी फॉस्फिन, म्हणजे धुरीच्या गोळ्यांतून सुटणारा विषारी वायू, बाहेर सोडण्यापेक्षा प्लाझ्मा यंत्रातून (विजेच्या जोरावर वायू मोडणारं यंत्र) फिरवून मोडलेला बरा.

गोळ्या ठेवण्याचं काम मान्यताप्राप्त धुरी ऑपरेटरचंच. तुम्ही त्याआधी पत्र्याची गळती बघा. गोळीवर पाणी टपकलं तर वायू एकदम सुटून पेट घेऊ शकतो.

आता हिशेब. ३ ग्रॅमची गोळी १ ग्रॅम फॉस्फिन देते. टनाला ३ गोळ्या धरल्या तर १० टन तांदळाला ३० ग्रॅम. यंत्राच्या काचेच्या किंवा सिरॅमिकच्या नळीत उच्च दाबाची वीज हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प फोडते, ते तुकडे फॉस्फिनला भिडतात आणि शेवटी फॉस्फोरिक आम्ल तयार होतं. ३० ग्रॅमचं सुमारे ८६ ग्रॅम! हे आम्ल धरायची सोय नसलेलं यंत्र घेऊ नका.

बिघाड इथेच होतो. नळीत आधी पांढुरकं धुकं दिसतं, मग भिंतीवर चिकट थर बसतो. एकसारखा पसरलेला जांभळा उजेड तुटतो, एकाच जागी ठिणगी तडतडू लागते आणि तिथेच नळी तडकते. ठिणगी दिसताच वीज तोडा. नळी धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा लावा. फॉस्फिन तांबं खातो, म्हणून उघड्या तांब्याच्या जोडण्या नकोत.

मांडणीचा क्रम असा: धूळगाळणी, नळी, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची टाकी, थेंब अडवणारी जाळी, मँगनीज डायऑक्साइडचा थर आणि शेवटी ओढणारा पंखा. शेवटचा थर प्लाझ्मातून निघणारा ओझोन मोडतो, पण भिजला की निकामी होतो, जाळी त्यासाठीच. वरच्या हिशेबाला १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम सोडा घ्या, हातमोजे-चष्मा घालून, सोडा पाण्यात टाकत. हवेतला कार्बन डायऑक्साइडही सोडा संपवतो, तेव्हा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप) ९ खाली आला की पाणी बदला.

फॉस्फिन हवेत १.८ टक्क्यांना पेटू शकतो आणि नळीत तर ठिणगीच असते. त्यामुळे ताजी हवा मिसळून सुरुवात करा, आत जाणारा वायू १,८०० पीपीएमखाली (दहा लाख भाग हवेत १,८०० भाग) ठेवा. मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीला ही मांडणी पुरत नाही. तिथे ब्रोमीन सुटतो, त्याला थायोसल्फेटचं पाणी लागतं.

बाहेर पडणाऱ्या हवेत आणि थप्पीजवळ मीटरवर ०.३ पीपीएमपेक्षा कमी येईपर्यंत आत कुणी जाऊ नये. नंतर यंत्र थांबवून थप्पीवरची ताडपत्री रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी बाहेरूनच मीटरची नळी घालून पुन्हा मोजा, कारण दाण्यात मुरलेला वायू सावकाश बाहेर येतो.