८-ओएच-डीपीएटी वापरताना या चुका टाळा

८-ओएच-डीपीएटी या संशोधनातल्या रसायनाचा शोधनिबंध १९८१ साली आला आणि पुढे हे रसायन सेरोटोनिनच्या ‘५-एचटी१ए’ रिसेप्टरचा (पेशीवरच्या ग्राहकाचा) निवडक अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे त्यालाच जागे करणारा रेणू, म्हणून प्रयोगशाळांमध्ये रुळले. सेरोटोनिनचाच दुसरा, ५-एचटी७ रिसेप्टर क्लोन झाला तो १९९३ मध्ये, आणि हा रेणू तिथेही बांधला जातो हे तेव्हा लक्षात आले. बाटलीवरचा ‘निवडक’ हा शब्द मात्र तसाच राहिला. बहुतेक फसलेले प्रयोग इथूनच सुरू होतात, कारण निवडकपणा रेणूत नसून सांद्रतेत असतो.

५-एचटी१एसाठी त्याची बांधणी सुमारे १ नॅनोमोलरला होते, ५-एचटी७साठी त्याच्या कित्येक दहापट नॅनोमोलरला. मेंदूच्या कापावर सरळ १० मायक्रोमोलर सोडले, तर दोन्ही रिसेप्टर भरतात. पहिला जीआय या जी-प्रथिनामार्फत सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू कमी करतो, दुसरा जीएस या जी-प्रथिनामार्फत वाढवतो. आलेख सपाट आला की लोक ‘परिणाम नाही’ असे लिहून मोकळे होतात, पण प्रत्यक्षात दोन परिणामांनी एकमेकांना खोडलेले असू शकते. म्हणून ०.१ नॅनोमोलरपासून पूर्ण वक्र काढा. मग डब्ल्यूएवाय-१००६३५ (५-एचटी१एसाठी) आणि एसबी-२६९९७० (५-एचटी७साठी) ही रोधके वेगवेगळी वापरून पाहा. डब्ल्यूएवाय-१००६३५ स्वतः डोपामिनच्या डी४ रिसेप्टरवर अ‍ॅगोनिस्ट आहे, त्यामुळे त्याचा एकट्याचा गट हवाच. आणि सीएएमपीतली घट मोजायची, तर फोर्स्कोलिन या सीएएमपी वाढवणाऱ्या रसायनाने पातळी आधी वर न्यावी लागते. तळाला असलेली पातळी आणखी किती खाली जाणार?

वजनाची चूक साधी, पण फार महागात पडते. मिळतो तो बहुधा हायड्रोब्रोमाइड क्षार, रेणुभार ३२८.३, मूळ बेसचा २४७.४. १० मिलिमोलर द्रावणासाठी १ मिलिलिटरला ३.२८ मिलिग्रॅम क्षार लागतो. २.४७ घेतला, तर हातात ७.५ मिलिमोलर येते. मात्रा बेसमध्ये आहे की क्षारात, हे वहीत पहिल्याच ओळीत लिहा. बाटलीवर रॅसेमिक (आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन्ही रूपांचे मिश्रण) आहे की एकटे आर(+) रूप, तेही पाहा: आर(+) पूर्ण अ‍ॅगोनिस्टसारखा वागतो, एस(−) अंशतः. द्रावण त्या त्या दिवशी ताजे करा, उजेडापासून झाकून ठेवा; तपकिरी झाक आली तर फेकून द्या.

प्राण्यांवरच्या कामात मात्रेचा गोंधळ सर्वात जास्त. राफे या मेंदूच्या भागातल्या सेरोटोनिन पेशींवरचे स्वतःचे रिसेप्टर (ऑटोरिसेप्टर) आणि सायनॅप्सपलीकडच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशींवरचे रिसेप्टर एकाच जातीचे, पण राफेत रिसेप्टरांचा राखीव साठा मोठा असतो, म्हणून ते थोडक्या औषधालाही पूर्ण प्रतिसाद देतात. त्वचेखाली ०.१ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आसपास दिल्यावर पोट भरलेला उंदीर (रॅट) पुन्हा खाऊ लागतो. मात्रा बरीच वाढवली की तो पोट जमिनीला टेकवून पसरतो, खालचा ओठ मागे ओढला जातो, पुढचे पंजे आलटून पालटून पीठ तुडवल्यासारखे हलत राहतात. अशा वेळी खाणे घटलेले दिसले, तर ती भूक मेल्याची खूण नाही. शरीर दुसऱ्याच हालचालीत अडकलेले असते. खाण्याच्या तक्त्याशेजारी या हालचालींच्या गुणांचा स्तंभ नसेल, तर तो निकाल वाचताच येत नाही.

शरीराचे तापमान घसरण्याबाबतही असेच. माऊसमध्ये हा परिणाम मुख्यतः ऑटोरिसेप्टरकडून, रॅटमध्ये पलीकडच्या रिसेप्टरकडून येतो असे मानले जाते. एका जातीचा निष्कर्ष दुसरीवर लादू नका. हाताळणीच्या ताणानेच माऊसचे तापमान वर जाते, म्हणून आधी सवय लावा, आधाररेषेचे दोन-तीन वाचन घ्या, प्रोब दर वेळी तेवढाच खोल घाला. घसरण साधारण अर्ध्या तासात तळ गाठते. तासाभराने पहिले वाचन घेणाऱ्याच्या हाती उतरता परिणाम लागतो.

तोंडावाटे देऊ नका. यकृतातच बराचसा संपतो.

ट्रिशियमयुक्त (किरणोत्सारी खूण असलेल्या) ८-ओएच-डीपीएटीने बांधणी मोजताना रिसेप्टरांची संख्या तशाच डब्ल्यूएवाय-१००६३५ने मोजलेल्या संख्येपेक्षा कमी आली, तर आधी बफर तपासा. अ‍ॅगोनिस्ट मुख्यतः रिसेप्टरची जी-प्रथिनाशी जोडलेलीच अवस्था मोजतो. मॅग्नेशियम नसेल किंवा नीट न धुतलेल्या पेशीपटलात जीटीपी (जी-प्रथिनाला सोडवणारा पेशीतला रेणू) उरला असेल, तर ती अवस्था मोडते.

तोच प्राणी पुन्हा वापरत असाल, तर दुसऱ्या दिवशीचा क्षीण प्रतिसाद औषध खराब झाल्यामुळे आला असे धरू नका. एका मात्रेनेही ऑटोरिसेप्टर मंदावू शकतात. दोन मात्रांमध्ये आठवड्याचे अंतर ठेवा आणि मात्रांचा क्रम गटागटांत उलटा करा.