मित्रांमध्ये भारी फॅक्ट्स कसे सांगायचे आणि गैरसमज कसे मोडायचे (कुणाचा पोपट न करता)

गप्पा रंगात आलेल्या असतात, कुणीतरी म्हणतं चीनची भिंत चंद्रावरून दिसते, आणि लगेच दुसरा म्हणतो हॅ, काहीही काय, खोटं आहे ते. झालं. पहिला गप्प बसतो, दुसरा खूश होतो आणि बाकीच्यांना नवीन काहीच कळत नाही. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही, कारण खरी गंमत तर त्याच्या पुढेच असते.

गैरसमज मोडताना एक गोष्ट कराच, लोकांना ते खरं का वाटलं हे आधी सांगा. भिंतीचंच घ्या. हजारो किलोमीटर लांब आहे म्हटल्यावर ती वरून दिसत असणार असं कुणालाही वाटेल, त्यात येडेपणा काहीच नाही. पण वरून बघताना नुसती लांबी कामाची नसते, रुंदी लागते, आणि भिंत रुंदीला जेमतेम काही मीटर, वर रंगही आजूबाजूच्या माती-दगडासारखाच. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आले तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की भिंत काही दिसली नाही, आणि ते तर पृथ्वीच्या जवळच फिरत होते, चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे. शिवाय माणूस अंतराळात पहिल्यांदा गेला १९६१ साली आणि ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून छापून येत होती, म्हणजे कुणी बघून सांगितलेलीच नव्हती! एवढं सांगितलं की ज्याने विषय काढला तोही म्हणतो अरे भारी आहे हे, त्याला तोंडघशी पडल्यासारखं वाटत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे उत्तर देण्याआधी प्रश्न टाका. बऱ्याच जणांना वाटतं की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. इथे लेक्चर नको, फक्त विचारा, मग उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हाच दक्षिण गोलार्धात उन्हाळा कसा काय रे? दोन मिनिटं शांत राहा, लोकांना डोकं चालवू द्या, पृथ्वीचा आस कललेला आहे हे कुणीतरी स्वतःच बोलतं. मग शेवटचा पत्ता टाका, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना. ऋतू होतात ते साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. जे उत्तर माणूस स्वतः शोधतो ते त्याच्या डोक्यात राहतं, तुम्ही ऐकवलेलं राहीलच असं नाही.

आणि जिथे जागच्या जागी करून बघता येतं तिथे वाद घालतच बसू नका. जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड, मागे कडू, बाजूला आंबट, शाळेत अनेकांनी काढलेला असतो. लिंबाचा एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवायला सांगा, आंबट लागतं की नाही लगेच कळेल. मूळ संशोधन १९०१ सालचं, जर्मनीतलं, त्यात जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी थोडा फरक सापडला होता, पुढे त्याचा आलेख चुकीचा वाचला गेला आणि त्या थोड्याशा फरकाच्या चक्क हद्दी झाल्या.

आता फॅक्ट सांगण्याबद्दल. धक्कादायक फॅक्ट ग्रुपवर टाकायच्या आधी त्यातला प्रत्येक शब्द तपासा, कारण हुशार मित्र नेमका तिथेच पकडतो. शुक्रावरचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो, हे सगळ्यांना आवडतं. पण दिवस म्हणजे काय? स्वतःभोवती एक फेरी म्हणत असाल तर बरोबर, त्याला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची फेरी सुमारे २२५ दिवसांत होते. पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत म्हणत असाल तर ते जेमतेम ११७ दिवस, कारण शुक्र उलटा फिरतो. माझ्या मते ही दुसरी गोष्टच जास्त भारी आहे, ती सोडू नका.

गैरसमज मोडणारी गोष्टसुद्धा कधीकधी गैरसमजच निघते बरं का. पालकात लोह खूप असतं हा समज एका शास्त्रज्ञाच्या दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरला, असं खूप जण छातीठोक सांगतात, पण त्या चुकीचा धड पुरावा कुणाला सापडलेला नाही. ऐकायला फारच गोड, एकदम फिट बसणारी गोष्ट असेल तर दुप्पट शंका घ्या. पुरावा किती आहे तेवढंच बोला. बोटं मोडल्याने संधिवात होतो का बघायला अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दोन्ही हातांत फरक पडला नाही, २००९ मध्ये त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस) मिळालं. मस्त किस्सा आहे, जरूर सांगा, पण एका माणसाच्या हातावरून सगळं सिद्ध होत नाही, हेही सांगा, आणि मग जोडा की मोठ्या गटांवर झालेल्या अभ्यासांतही बोटं मोडणं आणि संधिवात यांचा संबंध दिसलेला नाही.

कुठे गप्प बसायचं? कुणी आपली दुःखाची किंवा आनंदाची गोष्ट सांगत असेल आणि मध्ये एखादी चुकीची माहिती आली तर ती जाऊ द्या, मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो असं कुणी म्हटल्याने कुणाचं नुकसान होत नाही, नंतर कधीतरी विषय काढा. पण ज्याने इजा होईल तिथे थांबूच नका. भाजल्यावर टूथपेस्ट लावा किंवा बर्फ चोळा असा मेसेज ग्रुपवर आला तर लगेच तिथेच लिहा, कारण तो बाकीचेही वाचतायत. आधी बरोबर काय ते लिहा, भाजलेली जागा नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, जखम मोठी असेल तर डॉक्टरकडे जा, आणि मग पेस्ट का नको ते एका ओळीत. चुकीचं वाक्य पुन्हा ठळक करून लिहू नका, घाईत वाचणाऱ्याच्या तेच लक्षात राहतं. ज्याने फॉरवर्ड केलं त्याला वेगळा मेसेज करा, काळजीपोटी टाकलंस ते कळलं, फक्त तेवढं डिलीट कर असा. बहुतेक जण करतात.

आणि समोरचा ऐकतच नसेल तर दोनदा सांगून विषय सोडा. त्याने कुठे वाचलं ते मात्र विचारा, फोन काढून दोघांनी मिळून ते शोधा, आणि त्याचं बरोबर निघालं तर सगळ्यांसमोर तसं सांगा.