पावसाआधी वस्तीतला डेंग्यू रोखायची तयारी : नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं

ही तयारी पाऊस सुरू व्हायच्या महिनाभर आधी लागते, पहिला पेशंट सापडल्यावर नाही. मागच्या वेळी आमच्याकडे दर आठवड्याचा कोरडा दिवस नेमाने पाळला गेला, पिंपं, बादल्या, कूलर सगळं रिकामं झालं, आणि तरी घराघरात ताप आला. यादीत एक गोष्टच नव्हती. रिकामं केलेलं भांडं आतून घासायचं. म्हणून यावेळी ती आधी लिहितोय, बाकी सगळं नंतर.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. अंडं काळं, एक मिलिमीटरहून लहान, पिंपाच्या आतल्या मळात दिसतसुद्धा नाही. तुम्ही पाणी ओतलंत की अळ्या गेल्या, पण अंडी भिंतीला तशीच राहिली. ती कोरडी पडून महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी परत त्या रेषेपर्यंत चढलं की फुटतात. म्हणजे आपण भांडं रिकामं करतो, उन्हात वाळवतो, समाधानाने परत भरतो, आणि भरतो तेव्हाच अंड्यांना हवं ते मिळतं. शिवाय मादी सगळी अंडी एकाच भांड्यात घालत नाही, थोडी इथे थोडी तिथे करते, त्यामुळे एक पिंप चकाचक आणि शेजारची बादली तशीच, असं करून काही उपयोग नाही.

तर सामानात सगळ्यात आधी ब्रश. कडक, लांब दांड्याचे, कारण उंच पिंपाच्या तळाशी हात पोचत नाही आणि मग लोक वरची वीतभर घासून सोडून देतात. साबणाची पावडर. ब्लीच मिळालं तर उत्तम, होंडुरासमध्ये सिमेंटच्या टाक्यांना ब्लीच आणि साबण एकत्र करून आतून फासायचे, दहाएक मिनिटं तसंच ठेवायचे आणि मग घासून धुवायचे, ही पद्धत तिथल्या घराघरातल्या बायकांनी उचलली आणि ती चालली. फक्त ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो, आणि हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. धुतलेलं पाणी कोरड्या मातीवर ओता, दुसऱ्या भांड्यात किंवा गटारात नको. टॉर्च, हातमोजे, पांढरी वाटी (अळ्या पांढऱ्यावरच नीट दिसतात), वही, पेन, हे तुम्हाला सुचेलच.

माणसं जोडीने पाठवा, एकट्याला कोणी घरात घेत नाही. जोडीत एक जण तरी त्याच गल्लीतला हवा. बंद घरांची यादी आधीच करून त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते विचारून ठेवा, गच्चीच्या किल्लीसकट, कारण सगळी मेहनत एका बंद घराच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीमुळे वाया जाऊ शकते. हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शेदोनशे मीटरच्या आतच, त्यामुळे तुमच्या घरातला डास तुमच्याच गल्लीतल्या कुठल्यातरी भांड्यात वाढलेला असतो. नाल्याकडे बोट दाखवून मोकळं होऊ नका, याला घाण पाणी नको असतं, घरातलं साठवलेलं साधं पाणीच आवडतं.

कुठे बघायचं. पिंप आणि टाक्या सगळे बघतात. जे बघत नाहीत ते हे : फ्रीजच्या मागचा ट्रे, एसीचं पाणी ज्यात गळतं ते डबडं, कुंडीखालची ताटली, फुलदाणी, न वापरला जाणारा कमोड, लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या मीटरचा चेंबर, छपराची पन्हळ पाल्याने तुंबलेली, ताडपत्रीच्या घड्या, बांधकामावरचे ड्रम, टायर. टायरचं वेगळं सांगतो कारण आतल्या कडेत साचलेलं पाणी ओतताच येत नाही, नको असतील तर हलवून टाका, हवे असतील तर छताखाली न्या किंवा भोकं पाडा. कूलर बंद करून ठेवला की काम संपलं असं समजतात, तो वाळतो आणि त्याच्या भिंतीला अंडी बसून राहतात पुढच्या हंगामापर्यंत. कूलर ठेवून देण्याआधी आतून घासा, परत काढल्यावर पाणी घालण्याआधी पुन्हा घासा. कूलरच्या गवताच्या जाळ्या सडल्या असतील तर त्याही बदला.

वहीत रकाने करताना 'रिकामं केलं' आणि 'घासलं' हे दोन वेगवेगळे ठेवा. मागच्या वहीत एकच रकाना होता, त्यावर टिक होत्या आणि सगळं ठीक दिसत होतं. दोन रकाने असले की जोडीला विचारावंच लागतं, आणि विचारलं की घरवाले ब्रश आणतात. बाकी किती घरं बघितली आणि किती घरांत अळ्या सापडल्या एवढं लिहिलं तरी पुरे, शंभर घरांमागे किती घरांत सापडल्या तो झाला हाउस इंडेक्स, दर आठवड्याला तो खाली येतोय का ते बघत राहायचं. येत नसेल तर कुठलंतरी मोठं भांडं सुटलंय, ते शोधा.

कोरडा दिवस आठवड्याने का, तर गरम हवेत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, सात दिवसांनी भांडं रिकामं करून घासलं तर तो उडायच्या आत मरतो. एक रविवार पाहुणे आले म्हणून चुकवला तर चौदा दिवस झाले, तोवर डास उडून गेलेला असतो. वार ठरवा, तोच वार ठेवा, आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाका आणि मेसेजमध्ये 'पाणी ओता' असं लिहू नका, 'ओता आणि घासा' असं लिहा. लोक शब्दाला शब्द धरून करतात.

ज्या टाक्या रिकाम्या करताच येत नाहीत, पाणी रोज येत नाही तिथे लोक ओतणार नाहीत आणि त्यांच्यावर चिडूही नका, पाण्याची टंचाई त्यांनी केलेली नाही. तिथे घट्ट झाकण, नाहीतर बारीक जाळी किंवा कापड दोरीने आवळून. टाकीच्या व्हेंट पाइपलाही जाळी. शोभेच्या टाकीत गप्पी मासे, नदी-तळ्यात मात्र सोडू नका. टेमीफॉसचे (अळ्या मारणारं औषध) दाणे आरोग्य खात्याकडून मिळाले तर 1 टक्कावाले 10 लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या पिंपाला 20 ग्रॅम, अंदाजे मुठीने नको. आणि झाकण आलं, दाणे आले म्हणून ब्रश ठेवून देऊ नका, टाकी जेव्हा केव्हा तळाला जाईल तेव्हा घासा.

फॉगिंग. सगळ्यात जास्त मागणी याचीच होते, धूर दिसतो म्हणून काहीतरी चाललंय असं वाटतं. तो धूर त्या वेळी उडत असलेल्या मोठ्या डासांना मारतो, अळ्यांना नाही, अंड्यांना तर अजिबात नाही, आणि हा डास बऱ्याचदा घरात कपाटामागे, पलंगाखाली बसलेला असतो. साथ भडकली तर आरोग्य खातं करेल, आपण आपली मेहनत आणि पैसे तिकडे नको. 1901 साली क्यूबातल्या हवानामध्ये अमेरिकी लष्करातला डॉक्टर गॉर्गस याने याच डासाविरुद्ध घरोघरी माणसं पाठवून पाण्याची भांडी झाकायला आणि मोडायला लावली, पिवळा ताप काही महिन्यांत आटोक्यात आला. दार ठोठावण्याचं काम आहे हे, कंटाळवाणं आहे, पण चालतं. ब्राझील 1958 मध्ये या डासापासून मुक्त जाहीर झालं होतं आणि नंतर तो परत आला, त्यामुळे एक हंगाम चांगला गेला म्हणून जोड्या मोडू नका. 2024 मध्ये जगभरात डेंग्यूच्या 1 कोटी 40 लाखांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या, आपण काही फार दूर बसलेलो नाही.

चावण्यापासून बचाव थोडक्यात : हा दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळांना आणि म्हाताऱ्यांना मच्छरदाणी, अंगभर कपडे, खिडक्यांना जाळ्या.

कोणाला ताप आला तर : पेशंटलाही मच्छरदाणीत ठेवा, पहिल्या पाच-सहा दिवसांत त्याला चावलेला डास पुढे बाकीच्यांना आजार देतो. पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पाणी, सरबत भरपूर. रक्ताची तपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस1, नंतर आयजीएम, डॉक्टर सांगतील ती. ताप उतरला म्हणजे बरं झालं असं धरू नका, धोक्याचे दिवस साधारण ताप उतरतानाच येतात : पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. पूर्वी कधी डेंग्यू झाला असेल तर अजून लवकर, दुसऱ्या वेळी जास्त गंभीर होऊ शकतो. आरोग्य केंद्राला कळवा, लाज वाटायचं कारण नाही, आणि त्या घराच्या आजूबाजूची सगळी घरं त्याच दिवशी तपासा, भांडी घासून घ्या.

पाऊस थांबल्यावर आणखी महिना-दीड महिना कोरडा दिवस चालू ठेवा. वही जपून ठेवा, पुढच्या वर्षी कोणत्या घरांपासून सुरुवात करायची ते त्यातूनच कळेल. ब्रश वाळवून ठेवा.