माणूस समोर आला की व्हिडिओ बदला: साइनेज स्क्रीनला पीआयआर सेन्सर जोडणे

दुकानातल्या स्क्रीनसमोर कोणी आलं की व्हिडिओ बदलायचा असेल, तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि एचसी-एसआर५०१ हा पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर पुरतो. रास्पबेरी पाय बंद करूनच वायरी जोडा: सेन्सरचं व्हीसीसी (वीजपुरवठा) पिन २ ला (५ व्होल्ट), ग्राउंड पिन ६ ला, आउटपुट पिन ११ ला, म्हणजे जीपीआयओ (सिग्नल घेणारी-देणारी पिन) १७. आउटपुट ३.३ व्होल्टचंच असतं, त्यामुळे थेट चालतं. पिनांची नावं बहुधा सेन्सरच्या पांढऱ्या टोपीखाली छापलेली असतात. टोपी काढून वाचा, अंदाजाने जोडू नका.

कोडमध्ये पायथनच्या जीपीआयओझीरो लायब्ररीमधला मोशनसेन्सर जीपीआयओ १७ वर लावा आणि हालचाल दिसताच स्क्रीनवर व्हिडिओ दाखवणाऱ्या साइनेज सॉफ्टवेअरने दिलेल्या ट्रिगर पत्त्यावर एचटीटीपी विनंती पाठवा. दोन विनंत्यांत निदान व्हिडिओच्या लांबीइतकं अंतर ठेवा, नाहीतर तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर सेन्सर स्थिरावत असतो. तेव्हाचे सिग्नल सोडून द्या. सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू (सिग्नल किती वेळ चालू राहतो ते ठरवणारा) सर्वांत कमीवर ठेवा, बाकी हिशोब कोडमध्ये करा.

सगळ्यात जास्त फसगत काचेमुळे होते. शोकेसच्या काचेआड पीआयआर आंधळाच, कारण शरीराची उष्णता साध्या काचेतून पलीकडे जात नाही. सेन्सर काचेबाहेर काढा. एसीच्या झोतासमोर, उन्हात किंवा वायफाय अँटेनाला खेटून लावला, तर माणूस नसतानाही व्हिडिओ सुरू होईल.