स्वयंसेवी मुक्त-स्रोत प्रकल्प चालवताना या चुका टाळा

३० जुलै २००९ रोजी सेंटओएस या लिनक्स प्रकाराच्या विकासकांनी आपल्याच एका सहसंस्थापकाला उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले. जगभरातले असंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालत होते, तिच्या प्रकल्पाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, एकट्या त्या गृहस्थांच्या ताब्यात होते, देणग्यांचे पेपॅल खाते आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचे खातेही त्यांच्याकडेच होते, आणि ते सहकाऱ्यांच्या निरोपांना उत्तर देत नव्हते. जमा रकमेचा हिशेब देण्याचे आश्वासनही पाळले गेलेले नाही, अशी तक्रार पत्रात होती. १ ऑगस्टला दोन्ही बाजूंची बैठक झाली आणि प्रश्न मिटला. पण कोडमध्ये काहीही बिघडलेले नसताना एवढा मोठा प्रकल्प स्वतःच्या नावालाच मुकण्याची वेळ आली होती.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टिम अ‍ॅडमिनांना लागणारी कितीतरी साधने रात्री जागून आणि सुटीचे दिवस खर्चून काम करणाऱ्या चार-सहा जणांच्या बळावर उभी असतात. यातल्या कोणाची नोकरी बदलते, कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाला नुसताच कंटाळा येतो. वर्गणीचे पुस्तक आणि कपाटाची किल्ली एकाच कार्यकर्त्याकडे असलेले गणेशोत्सव मंडळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तो कार्यकर्ता कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची बदली परगावी झाली की मंडळ अडतेच. म्हणून प्रकल्प कुठे अडतो आहे हे शोधताना कोड उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा: आपल्याकडची कोणती गोष्ट फक्त एकाच माणसाला करता येते?

किल्ल्या एकाच खिशात ठेवणे

डोमेनची नोंदणी संस्थापकाच्या खासगी ईमेलवर असते, डीएनएसचा (डोमेन-नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या यंत्रणेचा) पासवर्ड त्याच्याच ब्राउझरमध्ये असतो आणि रिलीझवर (प्रसिद्ध होणाऱ्या नव्या आवृत्तीवर) डिजिटल सही करण्याची किल्ली त्याच्याच लॅपटॉपवर असते. सुरुवातीला हे सोयीचे वाटते, म्हणून तसेच राहून जाते. यावर उपाय करताना आणखी एक चूक होते, ती अनुभवी अ‍ॅडमिनांच्या हातूनही: डोमेनच्या नोंदणीसाठी त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता दिला जातो. मग डोमेनची मुदत संपली की नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा ज्या पेटीत यायचा, ती पेटीच बंद झालेली असते. नोंदणीचा संपर्क पत्ता नेहमी वेगळ्या डोमेनवर आणि किमान दोघांना वाचता येईल असा असावा.

डोमेन, डीएनएस, रेपॉझिटरी (कोडचे भांडार), चाचण्यांचे सर्व्हर, पॅकेज (स्थापनेसाठी तयार संच) चढवण्याचे खाते, सहीची किल्ली आणि बँक किंवा पेपॅल या प्रत्येकासमोर दोन नावे लिहिलेली यादी करावी आणि द्विस्तरीय पडताळणीचे पुनर्प्राप्ती संकेतही दोन ठिकाणी ठेवावेत. सहीची मुख्य किल्ली नेटवर्कपासून दूर ठेवून रोजच्या कामासाठी उपकिल्ली वापरावी, आणि किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्र आधीच तयार करून दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे द्यावे. मात्र यादी असणे आणि ती खरी असणे यांत अंतर आहे. परत मिळवून न पाहिलेल्या बॅकअपवर कोणताही अ‍ॅडमिन विसंबत नाही. तोच न्याय इथे लावून, मुख्य मेंटेनर (प्रकल्पाची देखभाल करणारा) उपलब्ध नाही असे समजून वर्षातून एक रिलीझ दुसऱ्याने काढून पाहावे. कुठे अडते ते पहिल्या तासाभरातच कळते.

माणूस आधीच संपर्काबाहेर गेला असेल, तर प्रथम डोमेनची मुदत पाहावी. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनना नोंदणी रद्द झाल्यावर परत मिळवण्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते, पण ती मूळ नोंदणीदारासाठी असते, त्यामुळे या काळातही तोच माणूस गाठावा लागतो. खासगी ओळखीतून, कुटुंबीयांमार्फत किंवा जुन्या सहकाऱ्यांमार्फत प्रयत्न करावेत आणि खुले पत्र हा शेवटचा उपाय ठेवावा. दरम्यान रेपॉझिटरीची प्रत दुसरीकडे चालू करावी, नवी सहीची किल्ली उरलेल्या विकासकांच्या जुन्या किल्ल्यांनी प्रमाणित करावी आणि ज्या डिस्ट्रो (लिनक्सची वेगवेगळी वितरणे) आपले पॅकेज देतात त्यांच्या पॅकेजकर्त्यांना थेट कळवावे. त्यांच्यामार्फत बातमी अ‍ॅडमिनांपर्यंत सर्वांत लवकर पोहोचते.

पैशाबाबत थोडक्यात सांगायचे, तर रक्कम लहान आहे म्हणून हिशेब टाळू नये आणि ती कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नये. डेबियन या डिस्ट्रोसाठी १९९७ साली उभी राहिलेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था आज पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेससारख्या इतर प्रकल्पांचेही पैसे सांभाळते. अशा एखाद्या संस्थेच्या छत्राखाली जाणे स्वतःची संस्था नोंदवण्यापेक्षा बहुधा सोपे पडते. देणग्यांवर प्रकल्प चालेल अशी आशाही बेताचीच ठेवावी. २०१४ साली ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा सुरक्षा-दोष उघड झाला, तेव्हा निम्म्या इंटरनेटचा आधार समजल्या जाणाऱ्या या सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या.

दमल्यावर, दबावाखाली हक्क वाटणे

किल्ल्या दोघांकडे हव्यात हे पटले की पुढची चूक समोर येते, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडू शकते. एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनाचा भार वर्षानुवर्षे एका व्यक्तीवर होता. २०२२ साली, एरवी फारशी कुठे न दिसणाऱ्या काही खात्यांवरून, पॅच (दुरुस्तीचे बदल) स्वीकारायला उशीर होतो, नवा मेंटेनर नेमा, असा तगादा सुरू झाला. मेंटेनरने आपल्या मानसिक आरोग्याचा उल्लेख करून, हे बिनपगारी, छंद म्हणून चालवलेले काम आहे याची आठवण करून दिली. त्याच काळात जिया टॅन या नावाने वावरणारी एक व्यक्ती चिकाटीने आणि सभ्यपणे मदत करत होती, आणि पुढे रिलीझ काढण्याचे हक्क तिच्याकडे गेले. फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट (सर्व्हरमध्ये गुप्तपणे शिरण्याची सोय) होती. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या साधनाने) लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकाने २९ मार्च २०२४ रोजी ती उघड केली. तोवर हा कोड डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणी-शाखांत पोहोचला होता.

या प्रकरणावरून अनोळखी माणसाला कधीच हक्क देऊ नयेत असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. तसे केले तर स्वयंसेवी प्रकल्पाला दुसरा माणूस मिळणारच नाही, कारण इथे प्रत्येक जण सुरुवातीला अनोळखीच असतो. घ्यायचा धडा अधिक नेमका आहे. चोरवाट कार्यान्वित करणारा बिल्ड-स्क्रिप्टचा (कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या आज्ञांचा) तुकडा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, नव्हताच. तो फक्त रिलीझच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) होता, आणि दुर्भावनेचा उरलेला भाग चाचणीच्या बायनरी फायलींत लपवलेला होता. म्हणून टारबॉल कोणाच्याही लॅपटॉपवर तयार न होता टॅगवरून (गिटमधील आवृत्तीच्या खुणेवरून) आपोआप तयार व्हावा, दुसऱ्याने तो स्वतंत्रपणे तयार करून जुळवून पाहावा, आणि बायनरी चाचणी-फाइल कशी बनवली हे सांगणारी स्क्रिप्ट तिच्यासोबत असावी. हक्क टप्प्याटप्प्याने द्यावेत: आधी बगांची वर्गवारी, मग पॅचची तपासणी, मग कमिट (कोडमध्ये थेट बदल) आणि सर्वांत शेवटी रिलीझ. आणि कोणी घाई करत असेल, तर तेवढ्यापुरता तो निर्णय एक महिना पुढे ढकलावा.

याउलट दार घट्ट लावून बसण्याचीही किंमत असते. नॅजिओस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या साधनात बाहेरचे पॅच रखडतात या असमाधानातून मे २००९मध्ये आयसिंगा हा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा झालेला प्रकल्प) निघाला. पॅच नाकारल्याने माणसे दुखावतात हे खरे, पण महिनोन्महिने उत्तरच न देणे त्यांना अधिक लागते. दोन आठवड्यांत दिलेला सकारण नकार पुरेसा असतो.

रिलीझ नेमके कुठे अडले ते न शोधणे

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१०मध्ये आली आणि तिच्यावर आधारित सेंटओएसची सहावी आवृत्ती जुलै २०११मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. बांधणीची प्रक्रिया बाहेरच्यांना दिसत नाही, त्यामुळे मदत करायची इच्छा असूनही करता येत नाही, अशी तक्रार तेव्हा होत होती. असा उशीर होऊ लागला की "कधी येणार?" या प्रश्नाला उत्तर म्हणून तारीख देण्याचा मोह होतो, आणि ती तारीख चुकली की संशय वाढतो. त्याऐवजी उरलेली पॅकेजे, अडलेल्या चाचण्या आणि कोणाचे काम बाकी आहे, ही यादी सर्वांना दिसेल अशी ठेवावी. आपले वापरकर्ते स्वतः अ‍ॅडमिन आहेत. अपयशी बिल्डचा लॉग त्यांना दिसला, तर त्यातला एखादा ते दुरुस्तही करून पाठवतात.

पॅकेजकर्त्याचा प्रश्न हवेत विरू देणे

२००६ साली डेबियनच्या पॅकेजकर्त्याने व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांमुळे ओपनएसएसएलमधील दोन ओळी काढण्याबाबत मूळ प्रकल्पाच्या विकासकांच्या ईमेल-यादीवर विचारणा केली. मिळालेल्या उत्तरातून हरकत नाही असा समज झाला आणि ओळी काढल्या गेल्या. परिणामी यादृच्छिकतेचा स्रोत म्हणून जवळपास फक्त प्रक्रिया-क्रमांक उरला, आणि तयार होणाऱ्या किल्ल्या दर प्रकारी साधारण ३२ हजारांच्या मर्यादित, सहज ताडता येणाऱ्या संचातून येऊ लागल्या. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला, तेव्हा जगभरातल्या अ‍ॅडमिनांना एसएसएचच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या. डिस्ट्रोकडून येणाऱ्या प्रश्नांना अधिकृत उत्तर कोठे आणि कोण देईल, हे रेपॉझिटरीत स्पष्ट लिहावे, आणि सुरक्षेसंबंधी खासगी सूचनांचा पत्ता वेगळा ठेवावा. तोही अर्थातच दोघांना वाचता येणारा.

आपल्या सोयीने अद्ययावतीकरण लादणे

अ‍ॅडमिन रात्री दोन वाजता, मोजक्या मिनिटांच्या खिडकीत नवी आवृत्ती चढवत असतो, याचा विसर पडू नये. एखाद्या पर्यायाचे पूर्वनिर्धारित (डिफॉल्ट) मूल्य बदलायचे असेल, तर आधीच्या एका आवृत्तीत लॉगमधून इशारा द्यावा आणि त्यात नवी ओळ कशी लिहायची तेही सांगावे. एनजिनएक्स आणि ओपनएसएसएच यांच्यात आहे तशी, सेवा चालू न करता कॉन्फिग तपासणारी आज्ञा असली, तर अर्ध्या तक्रारी येतच नाहीत. उरलेल्या तक्रारींसाठी आवृत्ती, डिस्ट्रो आणि बिल्डचे पर्याय एकाच आज्ञेने छापता यावेत, म्हणजे प्रत्येक बगावर तेच चार प्रश्न विचारत बसावे लागत नाही.

काम सोडायचे असेल तर ते जाहीरपणे सोडावे. डेबियनमध्ये मेंटेनर आपले पॅकेज अनाथ म्हणून नोंदवू शकतो, आणि कोणी ते हाती घेईपर्यंत गुणवत्ता गट त्याच्याकडे लक्ष ठेवतो. लहान प्रकल्पाला असा गट नसतो. त्याने रीडमी या माहितीच्या फायलीच्या पहिल्या ओळीत तसे लिहावे, माहीत असलेले दोष नोंदवावेत आणि विश्वासू वारस न मिळाल्यास रेपॉझिटरी केवळ वाचनासाठी खुली ठेवावी. डोमेनचे पैसे मात्र पुढची काही वर्षे भरत राहावेत, कारण जुन्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्टा त्याच पत्त्यावरून फायली उतरवत राहतात आणि ते नाव उद्या कोणीही विकत घेऊ शकतो.