बकुळीला फुलं येत नाहीत? आधी कात्री लपवा

"पाच वर्षं झाली, एक फूल नाही!" बकुळ लावलेल्या माणसाची ही ठरलेली तक्रार. रोप बीपासूनचं असेल तर अजून काही वर्षं थांबावं लागेल. बकुळ चिकूच्या कुळातली, पण चिकूच्या कलमासारखी ती लवकर फळत नाही. तिचं घट्ट, जड, तांबूस लाकूड सावकाशच घडतं.

झाड जुनं असूनही फुलत नसेल तर कात्री तपासा. सोसायट्यांमध्ये बकुळीचे गोल हिरवे चेंडू करून ठेवायची हौस असते. फुलं येतात पानांच्या बेचक्यात, कोवळ्या डहाळ्यांवर. दर दोन महिन्यांनी शेंडे उडवले की कळ्याही त्यांच्यासोबत कचऱ्यात जातात. आमच्या इमारतीतली बकुळ अशीच कित्येक वर्षं मुकी होती. छाटायचंच असेल तर बहर सरल्यावर, वाळक्या आणि अगदी खालच्या फांद्या तेवढ्या काढा.

फुलं येईनात म्हणून युरियाही ओतू नका. नुसता पाला माजतो. सुंदरीनं मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते, असा संस्कृत कवींचा संकेत होता. युरियापेक्षा तो उपाय बरा! पावसाळ्याच्या तोंडावर शेणखत घाला, पुरे.

पानं पिवळी पडत असतील तर बहुधा पाणी साचतंय. भारी काळ्या जमिनीत रोप थोडं उंचवट्यावर लावावं. नर्सरीच्या पिशवीत मुळं वेटोळी झाली असतील तर लावताना ती अलगद मोकळी करा, नाहीतर झाड वर्षानुवर्षं खुंटल्यासारखं राहतं. बी लावणार असाल तर पिकून पिवळं-केशरी झालेलं फळ घ्या, गर धुऊन बी ताजंच पेरा. कोंब यायला आठवडे लागतात. रोज माती उकरून पाहू नका.

खोडाभोवती फरशी तर मुळीच नको. मुळं गुदमरतात, आणि पहाटे गळणारी फुलं लोकांच्या चपलांखाली जातात. ही फुलं खुडायची नसतात, वेचायची असतात. कोकणात हिला ओवळी म्हणतात, तिथं झाडणारीच्या आधी पोरं झाडाखाली हजर. गळताना देठाकडचं हिरवं झाडावरच राहतं, म्हणून फुलाच्या मधोमध आपसूक भोक असतं. सुई लागत नाही, गाठ लागत नाही. केळीच्या सोपाचा धागा सरळ ओवत जायचा. सोन्याचा बकुळी हार याच नक्षीवरून घडवतात.

गजरा दुपारी कोमेजला की फेकून देतात, ती शेवटची चूक. फुलं न धुता सावलीत वाळवा. ती तपकिरी पडतील, पण साडीच्या घडीत ठेवली तर पुढच्या पावसाळ्यातही वास येईल.